सरमेचा प्रश्न

आषाढातल्या एका सायंकाळी, अजिंक्यताऱ्याचा माथा चार दिवस दृष्टीस पडला नव्हता आणि आमच्या घराच्या कौलांतून तीन ठिकाणी ठिबकणाऱ्या पाण्याखाली तीन भांडी मांडून ठेवलेली होती अशा वेळी, चौथीत शिकणारा माझा नातू सोप्यात येऊन उभा राहिला. वह्या-पुस्तके त्याने सदऱ्याच्या आत पोटाशी धरली होती, आणि दप्तरात, जेथे ती असावयाची तेथे, सुमारे दीड महिन्याचे तांबूस रंगाचे कुत्र्याचे एक पिल्लू थरथरत बसले होते. उभी हयात मामलेदार कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेल्यामुळे दारात आलेल्या कोणाही नव्या इसमास दाखला विचारण्याची माझी खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, त्या सवयीने मी विचारले, "हे कोठून आणलेस?" त्यावर क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "मी नाही आणलं, आजोबा. ते आपणहून माझ्या मागे मागे आलं."

या एका वाक्याने प्रकरणाचा निकाल लागला. कारण ज्या घरात लहानपणापासून महाभारत कानांवरून गेले आहे, त्या घरात मागे मागे आलेल्या कुत्र्याला हाकलून देणे सोपे नसते. हस्तिनापुराच्या वेशीतून पाच भाऊ आणि द्रौपदी बाहेर पडली तेव्हा सातवे जे निघाले ते कुत्रेच होते, त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि अखेरपर्यंत टिकले ते तेच. माझ्या थोरल्या बहिणीने, जिला सारे घर आक्का म्हणते आणि जिच्या सोवळ्याची हद्द तिच्या वयाच्या 84 व्या वर्षीही तसूभर मागे सरलेली नाही, एवढेच सांगितले की ठेवायचे तर ठेवा, परंतु त्याने माजघराचा उंबरा ओलांडला त्या दिवशी मी पंढरपूरला जाऊन राहीन. मग रीतसर तहनामा झाला: पडवी आणि परसू पिल्लाच्या कायम वहिवाटीस, सोपा शर्तीने, माजघर आणि देवघर सक्त मनाई. नातवाने त्याचे नाव खंड्या ठेवले. शाळेच्या सहलीत संगम माहुलीस त्याला शाहू महाराजांच्या याच नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली होती, आणि वाघाच्या तावडीतून धन्याला वाचवणाऱ्या त्या इमानी जनावरास महाराजांनी जहागीर आणि पालखीचा मान दिल्याची कथा गुरुजींनी सांगितली होती. (त्या जहागिरीच्या वसुलाचा हिशेब कोणत्या कारकुनाच्या माथी आला असेल, हा विचार माझ्याखेरीज कोणाला सुचला नसेल.) आक्काने कुलदैवताचे नाव कुत्र्याला कसे म्हणून हरकत घेतली, आणि दुसऱ्याच क्षणी खंडोबाच्या घोड्याच्या पायांशी कुत्रे असतेच हे आठवून ती स्वतःच काढून घेतली.

येथपर्यंत सारे गोड होते. कुत्र्याच्या इमानावर व्याख्यान देणाऱ्या माणसाने दीड महिन्याचे पिल्लू घरात आणून पहिल्या आठ रात्री स्वतः जागून काढाव्यात अशी माझी शिफारस आहे, म्हणजे इमान ही गोष्ट पुढे केव्हा तरी येणारी असून आरंभी येते ते केवळ रडणे, हे त्याच्या ध्यानात येईल. खंड्या रात्री दहाला रडू लागे, अकराला थकून झोपे, साडेबाराला ओले करून उठे, आणि मग पहाटेपर्यंत एका लयीत असा काही सूर धरी की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकून आपला अभिप्राय नोंदवावा. सूनबाईने कोणाच्या तरी सल्ल्याने जुने गजराचे घड्याळ फडक्यात गुंडाळून त्याच्या गोणपाटात ठेवले, कारण त्याची टिकटिक पिल्लाला आईच्या हृदयाच्या ठोक्यासारखी वाटते म्हणे. वाटलीही असेल, परंतु तिसऱ्या रात्री तो गजर अडीच वाजता आपोआप झाला आणि आमच्यासह त्या बिचाऱ्याचाही तो भ्रम फिटला. दिवसा त्याचे 28 दुधाचे दात, जे सुईच्या टोकाइतके तीक्ष्ण असतात, माझ्या धोतराच्या काठावर, नातवाच्या भूगोलावर आणि माझ्या पत्नीच्या चपलांवर समदृष्टीने चालत.

सहाव्या रात्री मी त्याला मारले. पडवीच्या दाराशी पाण्याचे थारोळे साचलेले होते, माझा पाय त्यात पडला, कंबर भिंतीवर आदळली, आणि हातात होते ते वर्तमानपत्र गुंडाळून मी अंधारातच दोन तडाखे दिले. तो ओरडला नाही. गोणपाटाच्या कोपऱ्यात जाऊन जितके लहान होता येईल तितका लहान झाला. दिवा लावून पाहिले तेव्हा त्या थारोळ्यात वरून आणखी एक थेंब पडला. कौलांत चौथे गळके ठिकाण निर्माण झाले होते.

महाभारत मी अनेकदा वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी आदिपर्वाच्या आरंभीची सरमेची कथा मी, प्रस्तावनेची पाने उलटावीत तशी, घाईने उलटली आहे. त्या रात्री दिव्याखाली ती पुन्हा काढून वाचली. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालले आहे. तेथे सरमेचे पिल्लू येते. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, कोणी मारले? तू काही आगळीक केली असशील. ते सांगते, मी काहीही केले नाही, हविर्द्रव्यांकडे पाहिले नाही, त्यांना जीभ लावली नाही. तेव्हा देवांची ती कुत्री, ऋग्वेदात जिने पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध लावला ती सरमा, सत्रमंडपात येऊन सरळ जाब विचारते की निरपराध असता माझ्या मुलाला का मारले? आणि पुढे ग्रंथकाराने नोंदवले आहे ते असे की त्यांनी काही उत्तर दिले नाही. त्यावर सरमा शाप देते की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. मग राजाची धावपळ सुरू होते. शापाचे निवारण करील असा पुरोहित तो शोधीत हिंडतो, सोमश्रव्यास एक मोठी अट मान्य करून घेऊन येतो. सारी तजवीज होते. एक गोष्ट तेवढी होत नाही. पिल्लाकडे कोणी जात नाही, सरमेच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर मला या व्यवहाराचे आश्चर्य वाटावयास नको होते. फिर्यादीचा निकाल न लावता फिर्यादीच्या परिणामांचा बंदोबस्त करणे ही सरकारदरबारची पुरातन रीत आहे.

एवढ्या प्रचंड ग्रंथाचा दरवाजा ग्रंथकाराने मार खाल्लेल्या पिल्लावर उघडावा आणि स्वर्गाच्या दारात, टाकून न दिलेल्या कुत्र्यापाशी युधिष्ठिराची कसोटी ठेवावी, याला मी योगायोग मानावयास तयार नाही. मधल्या सगळ्या प्रतिज्ञा, द्यूत, अस्त्रे आणि अठरा अक्षौहिणींचा संहार यांच्या दोन्ही टोकांना तेच एक मुके जनावर बसवलेले आहे. युधिष्ठिराला इंद्र म्हणतो की भावांना टाकलेस, द्रौपदीला टाकलेस, मग या कुत्र्यासाठी अडून का बसतोस. आणि तो उत्तर देतो की ते मेले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असता मी त्यांना टाकले नाही. भक्ताचा त्याग करणे त्याला ब्रह्महत्येच्या पंक्तीतले पाप वाटते. गमतीची गोष्ट अशी की ज्या इंद्राने आपल्या स्वर्गात कुत्र्याला जागा नाही म्हणून सांगितले, त्याला आणि कुत्र्याला पाणिनीने अष्टाध्यायीच्या एकाच सूत्रात शेजारी बसवले आहे, मध्ये फक्त तरुण माणूस घातला आहे. व्याकरणाला सोवळे नसते.

परंतु भक्त हा शब्द मला त्या रात्री टोचू लागला. युधिष्ठिराचा सारा युक्तिवाद कुत्रे त्याच्यामागे आले या गोष्टीवर उभा आहे: ते शरण आले, त्याने निष्ठा दाखवली, म्हणून त्याचा त्याग अधर्म. खंड्याची माझ्यावर कोणती निष्ठा होती? माझ्याविषयी त्याला असलेली माहिती म्हणजे अंधारातून आलेले दोन तडाखे. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा अपराध मी नातवापाशी कबूल केला तेव्हा, कबुलीला कबुली जोडावी या न्यायाने तोही बोलून गेला की पिल्लू मागे मागे आले नव्हते. पिठाच्या गिरणीमागे रिकाम्या पोत्यांच्या ढिगात ती चार होती. आई कोठे तरी अन्नाच्या शोधात गेलेली. त्याने त्यांतले सर्वांत तांबडे उचलून दप्तरात घातले. "ते पावसात भिजत होतं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "तितकं काही भिजत नव्हतं."

म्हणजे आमच्या घरी आला तो शरणागत नव्हता. ताब्यात घेतलेला होता. शरणागताविषयीचा जो धर्म आपल्याकडे इतक्या थाटाने सांगितला जातो, त्यात शरण येणारा आपल्या पायांनी येतो, मान खाली घालतो, आणि ज्याच्याकडे तो आला त्याला मोठेपणा आपोआप प्राप्त होतो. येथे आम्ही एका जीवाला त्याच्या आईच्या कुशीतून काढले, त्याला असहाय केले, आणि मग त्याच्या असहायतेवर आम्ही दया करीत आहो असे मानून कृतार्थ होऊ लागलो. चार महिन्यांनी तो शेपूट हलवीत माझ्यामागे फिरेल तेव्हा मी त्याला इमान म्हणेन, आणि ते इमान खरेही असेल. परंतु आमच्याखेरीज जाण्याजोगे दुसरे ठिकाण आम्ही त्याला शिल्लक ठेवलेले नाही, ही गोष्ट त्या इमानाच्या कागदावर नोंदलेली राहीलच. परत नेऊन ठेवावे म्हटले तर तेही संपले होते. नातू आणि सूनबाई त्याच दिवशी गिरणीवर जाऊन आली, तर पोत्यांचा ढीग हलवलेला, आणि कुत्रीचा व उरलेल्या तिघांचा मागमूस नव्हता.

युधिष्ठिराला या कसोटीत उतरवणारा गुण तो स्वतः दया या नावाने सांगत नाही. त्याचा शब्द आनृशंस्य हा आहे. द्वैतवनात यक्षाच्या रूपाने धर्माने त्याची पहिली परीक्षा घेतली तेव्हाही, भीमार्जुनांना सोडून माद्रीच्या नकुलाचे प्राण मागताना, त्याच्या तोंडी हाच शब्द होता, आणि स्वर्गद्वारी धर्म त्या जुन्या परीक्षेची आठवण मुद्दाम देतो. नृशंस म्हणजे क्रूर. आनृशंस्य म्हणजे क्रूर नसणे. शब्दाची घडण पाहावी: त्यात प्रेम नाही, करुणेचा उमाळा नाही, केवळ एका दोषाचा अभाव आहे. तरुणपणी मला हा शब्द फार कंजूष वाटे. इतक्या मोठ्या ग्रंथाने परमधर्म म्हणून सांगावा तो असा नकारार्थी काय म्हणून, असे मी एकदा कीर्तनकारांनाही विचारले होते. रात्री अडीच वाजता, कंबर दुखत असता, तिसऱ्यांदा ओले झालेले गोणपाट बदलताना त्या शब्दाची किंमत कळते. त्या घटकेला अंतःकरणात दया शोधली तर सापडत नाही. प्रेम तर नाहीच. असते ती चीड. दयेच्या भरवशावर जर त्या पिल्लाला सोडले असते तर सहाव्या रात्रीचे तडाखे पुन्हा पडले असते, कारण दया ही येणारी-जाणारी पाहुणी आहे आणि ती आली नाही तर तिच्यावर समन्स बजावता येत नाही. आनृशंस्याला मात्र मनाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. हात वर गेला असता तो खाली आणणे एवढेच त्याचे काम, आणि ते चीड मनात असतानाही करता येते.

आक्काला हे सारे मी समजावून सांगितले तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता गोणपाट कोण धुणार?" मी धुतले.

सोवळ्याविषयी लिहिताना आजकाल हसण्याची चाल पडली आहे. मला ते धाडस होत नाही. आक्काचे सोवळे म्हणजे तिच्या एकाकी आयुष्याला तिने स्वतः घातलेला बांध आहे, आणि तो फोडावा असे मला कधी वाटले नाही. शास्त्रकारांनी मात्र या बाबतीत सोयीचा व्यवहार केलेला आहे; कुत्र्याला अपवित्र ठरवणाऱ्या मनुस्मृतीनेच, मृग धरण्यापुरते त्याचे तोंड शुद्ध मानले आहे, म्हणजे शिकार आपल्या ताटात यावयाची असली की सूट. पण त्याच परंपरेत, वैश्वदेवानंतर कुत्र्याचा वाटा भुईवर हळूच ठेवावा असेही सांगितले आहे, आणि आमचे वडील दारापुढे तो घास ठेवून क्षणभर थांबत असत हे मला नव्हे, आक्काला आठवले. कुत्रा घरात येण्याच्या कितीतरी आधी त्याचा भाग घरात निघत होता. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात तर, ऋत्विज एकमेकांना धरून चालतात तशी कुत्री फेर धरून अन्नासाठी साम गातात असे प्रकरण आहे; आधुनिक पंडितांना त्यात पुरोहितांची थट्टा दिसते, भाष्यकारांना देवता अथवा ऋषी कुत्र्याच्या रूपाने आल्याचे दिसले. खंड्याचा रात्रीचा सूर ज्याने ऐकला आहे त्याने या वादात बोलू नये हे बरे.

मनाई आणि वहिवाट यांचा निकाल आमच्या घरी कोणत्याही ग्रंथाने लावला नाही. श्रावणात आक्का पहाटे देवघरात जपाला बसे तेव्हा खंड्या माजघराच्या उंबऱ्याला नाक टेकवून बसू लागला. आत यावयाचे नाही हे त्याला नातवाने ओल्या पोळीच्या तुकड्यांवर शिकवले होते. आठ-दहा दिवस तो तसा बसला. मग एका पहाटे मी पाहिले तर आक्काचा पाट देवघरातून निघून माजघराच्या दाराशी आला होता. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर तो, मध्ये वीतभर जागा. मी काही बोललो नाही, पण तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, "आत वारा लागत नाही." तहनाम्यातील एकही कलम मोडलेले नव्हते.

गणपतीत मात्र पेच पडला. आरतीनंतर खिरापत वाटताना आक्काने, आयुष्यात पहिल्यांदा, पंचखाद्याची चिमूट उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी हात पुढे केला, आणि सूनबाईने तो धरला. लस टोचण्याच्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले होते की बेदाणे-मनुका, कांदा आणि चॉकलेट या वस्तू कुत्र्याच्या पोटात जाता कामा नयेत. बेदाण्याने त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पंचखाद्यात खिसमिस असतेच. ज्या क्षणी आक्काने पंक्तिभेद मोडला त्याच क्षणी आम्ही तो तिला परत करावयास लावला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मला गीतेच्या पाचव्या अध्यायातील तो प्रसिद्ध श्लोक आठवला, ज्यात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्या ठायी पंडित सम पाहतात असे म्हटले आहे. जुने शास्त्री यावर मखलाशी करीत की भगवंतांनी समदर्शी म्हटले, समवर्ती म्हटले नाही; सम पाहावे, सम वागू नये. या भेदाचा आधार घेऊन माणसांना विहिरीपासून दूर ठेवले गेले, म्हणून तो मला नेहमी संतापजनक वाटत आला, आणि माणसांपुरता तो आजही तसाच वाटतो. परंतु हातात बेदाणे आणि समोर चार महिन्यांचे पिल्लू असता त्यातला एक दुसरा अर्थ मला प्रथमच दिसला: सम पाहणाऱ्यालाच दुसऱ्याचे पोट निराळे आहे हे कळते, आणि जो सम पाहत नाही तो एक तर त्याला उपाशी ठेवतो, नाही तर आपल्याच ताटातले चारून मारतो. आक्काने खिसमिस वेचून काढल्या. एकेक. मग खसखशीविषयी डॉक्टरांना विचारून या म्हणाली, आणि उत्तर येईपर्यंत त्याला नुसते खोबरे दिले.

दिवाळीच्या आधी भाजणी दळून आणण्यासाठी डबा घेऊन मी गिरणीवर निघालो, तेव्हा खंड्या साखळीला बांधलेला बरोबर होता. त्याचे दुधाचे दात पडू लागले होते. एक तर नातवाने काड्यापेटीत जपून ठेवला होता. गिरणीच्या दारात पिठाने पांढरी झालेली एक तांबडी कुत्री हातगाडीखाली निजलेली होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. चार महिन्यांत मी तिला प्रथमच पाहत होतो, आणि ती कोण हे मला कोणी सांगावे लागले नाही. खंड्या तिच्या दिशेने गेला, साखळी संपली तेव्हा थांबला, आणि पोट भुईला लावून आडवा झाला. ती उठली. त्याच्याभोवती एक फेरी मारून तिने त्याला मानेपासून शेपटीपर्यंत हुंगले; आमच्या घरच्या साबणाचा, खोबऱ्याचा, गोणपाटाचा वास तिला काय कळवीत होता कोण जाणे. मग तिने मान वर करून साखळीचे दुसरे टोक ज्याच्या हाती होते त्याच्याकडे पाहिले.

गिरणीवाल्याने डबा मागितला तो मी दिला. दळण होईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मीही.